आण्णांची पाच मिनिटं

जांभूळवाडी, ता. चंदगड
१४ नोव्हेंबर १९९५

ती. आण्णांस,
दीप्तीचा सविनय जयभीम. वि. वि. पत्र लिहिण्यास कारण की, तुमच्या लेकीनं काल आयुष्यातलं पहिलं भाषण केलं आणि शाळेचं भरलेलं मैदान रिकामं करून दाखवलं.

नीट सांगते. नऊ डिसेंबरला देशभर तीन वर्षांखालच्या सगळ्या मुलांना एकाच दिवशी पोलिओचा डोस पाजायचा आहे. डॉक्टरसाहेब म्हणाले, गावात सभा घ्या, लोकांना पटवून द्या, एकही मूल सुटता कामा नये. मी नवीन आरोग्यसेविका असले तरी वक्त्याची मुलगी. म्हटलं, त्यात काय!

तुमची पद्धत डोळ्यांसमोर होती. आधी मान्यवरांची नावं घेतली. मान्यवर एकटे हंबीरराव पाटीलच होते, म्हणून त्यांचंच नाव तीनदा घेतलं. मग पोलिओचा इतिहास. मग विषाणू. मज्जारज्जूपाशी आले तेव्हा झुंबरबाई नावाच्या आजींनी सुपातले तांदूळ निवडायला घेतले. रोगप्रतिकारशक्ती म्हणेपर्यंत पुरुष मंडळी तंबाखू मळत उठली. शेवटी एक गृहस्थ तेवढे उरले, माझ्याकडे एकटक बघत. मला भरून आलं. त्यांच्यासाठी मी आणखी पाऊण तास बोलले. नंतर कळलं, शाळेचा व्हरांडा हाच इथला एस्टीचा थांबा आहे आणि ते बेळगावच्या गाडीची वाट बघत होते. आण्णा, तुमच्या एस्टी खात्याची गाडी उशिरा आली म्हणून मला एक श्रोता मिळाला!

हसून घ्या, पण पुढचं ऐका. जाता जाता हंबीरराव म्हणाले की आमची पोरं पेज पिऊन धडधाकट हाईत, त्यांना कसलं औषध पाजताय. त्यांच्या शब्दाबाहेर निम्मं गाव नाही. आणि इथल्या तानाबाईंचा मुलगा, माझ्याच वयाचा, काठी टेकत, पाय ओढत रोज माझ्या दारावरून जातो. तो गेला की माझा चहा गार होतो.

तेव्हा आशीर्वाद आणि एखादी जालीम युक्ती, दोन्ही परतीच्या टपालानं धाडावं. आईला साष्टांग जयभीम.

तुमची श्रोते पळवणारी लेक,
दीप्ती


उचगाव, कोल्हापूर
२० नोव्हेंबर १९९५

चि. दीप्ती हिस,
धोंडीरामचे अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि. तुझे पत्र पोहोचले. वाचून खेद झाला. खेद एवढ्यासाठी की शेवटच्या श्रोत्यासाठी तू पाऊण तासातच आटोपलेस. विषय रंगायला तेवढा वेळ लागतोच.

वक्तृत्व ही साधना आहे, बाळ. तीन गोष्टी ध्यानात ठेव. मुद्द्याच्या जागी टेबलावर हात आपटावा, म्हणजे डुलक्या घेणारा दचकून सावध होतो. महत्त्वाच्या वाक्याआधी दीर्घ विराम घ्यावा, म्हणजे उत्कंठा ताणली जाते. आणि मधूनमधून पाण्याचा एक घोट घ्यावा. याने वक्ता विचारवंत दिसतो.

इकडील विशेष म्हणजे, आपल्या प्रसेनजीतने मला धक्का दिला. सख्खा पुतण्या, पण यंदा जयंती कमिटीचा सेक्रेटरी झाला आणि त्याने ठराव केला की एप्रिलमध्ये कुठल्याही वक्त्याला पाच मिनिटांवर वेळ नाही. पाच मिनिटे! मला घसा साफ करायला तेवढी लागतात. मी त्याला स्पष्ट कळवले की धोंडीराम बोलणार नाही. त्याने फारसा आग्रहही केला नाही, हे जरा लागले. बावीस वर्षे मी त्या मंचावर बोलतो आहे.

प्रकृतीस जप. तिकडे पाऊस दिवाळीनंतरही रेंगाळतो म्हणतात.

तुझे शुभचिंतक,
आण्णा

ता. क. दीपे, आईचा जयभीम. ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून दोन वळी घालते. ह्यांचं काय ऐकू नको. गेल्या साली हे बोलत हुते आणि मांडववाल्यानं मागनं कनाती सोडायला घेतल्या. माझं ऐक. लोकांस्नी सभंला बोलवूच नको. ती जिथं आपसूक जमत्यात तिथं तू जा. बाया काय बोलत्यात ते आधी ऐक, मग त्यांच्यातच बोल. आणि उपाशी ऱ्हाऊन बोलू नको, आवाज बसतो. शेंगदाण्याची चटणी एस्टीनं पाठवलीय, कंडक्टर ओळखीचा हाय.


जांभूळवाडी
२८ नोव्हेंबर १९९५

ती. आण्णा व सौ. आईस,
दीप्तीचा जयभीम. वि. वि. चटणी पोहोचली. निम्मी कंडक्टरनं चाखली असावी, बरणीचं झाकण सैल होतं.

आण्णा, तुमच्या तिन्ही गोष्टी दुसऱ्या सभेत करून पाहिल्या. टेबल नव्हतं, शाळेचं बाकडं होतं. त्यावर हात आपटला तर बाकड्याखाली झोपलेलं कुत्रं केकाटत उठलं आणि त्याच्यामागे सगळी पोरं पळाली, पोरांमागे आया पळाल्या. उरलेल्यांसाठी दीर्घ विराम घेतला. लोकांना वाटलं संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मनापासून आभार मानून घरी गेले. पाण्याचा पेला हंबीररावांची नात स्वप्नाली हिनं कधीच पिऊन टाकला होता. दोन वर्षांची आहे, डोळे काजूच्या बीसारखे. तिला बघितलं की मला तानाबाईंचा मुलगा आठवतो.

पण परवा एक झालं. औषधं आणायला चंदगडला गेले होते. स्टँडवर सगळे पेंगत होते. कुणी बोचक्यावर डोकं टेकलेलं, कुणी भांडत होतं, एक मूल भोकाड पसरून रडत होतं. तेवढ्यात कर्ण्यावरून कंट्रोलरचा आवाज आला आणि अख्खं स्टँड गप्प! रडणारं मूलसुद्धा. त्या कंट्रोलरनं टेबलावर हात आपटला नव्हता की विराम घेतला नव्हता. तरी माणसं जीव कानात आणून ऐकत होती, कारण त्यात आपल्या गावाचं नाव येईल अशी प्रत्येकाला आशा होती.

आण्णा, मी तिथेच मोठ्यानं हसले. शेजारच्या पाव्हण्यांनी पिशवी जवळ ओढून घेतली. अहो, तीस वर्षं तुम्ही कोल्हापूरच्या स्टँडवर माईकसमोर बसून हेच करता! तिथं तुमच्या बोलण्यातून कधी कुणी उठून गेलंय का? गेलंच असेल तर गाडी पकडायला. मग मंचावर चढलं की तुम्हाला आणि मला नेमकं काय होतं?

डोक्यात एक खूळ आलंय. आईचीही युक्ती त्यात घेणार आहे. फजिती झाली तर बदली मागून घरी येते.

मायेची ऊब तिकडून येऊ द्यावी, इथं पहाटे पाणी हातात धरवत नाही.

दीप्ती


जांभूळवाडी
११ डिसेंबर १९९५

ती. आण्णा व सौ. आईस,
जयभीम, जयभीम, जयभीम! वि. वि. अक्षर वाकडं दिसेल, कारण उजव्या हाताचं बोट सुजलंय. ते का, ते शेवटी.

इथं संध्याकाळी सगळं गाव दूध घालायला डेअरीसमोर रांग लावतं. आईनं सांगितल्याप्रमाणे मी आठवडाभर किटलीशिवाय त्या रांगेत उभी राहिले. कुणाच्या सुनेला पोरगं झालं, कुणाच्या म्हशीनं लाथ मारली, सगळं ऐकलं. गुरुवारी डेअरीच्या कट्ट्यावर चढले, हातातल्या वहीची पुंगळी तोंडाला लावली आणि आण्णा, हुबेहूब तुमच्या आवाजात जाहीर केलं की प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. झुंबरबाईंचा नातू उदयसिंह, जाणार शाळेकडे, मार्गे आईची कड, शनिवारी सकाळी पोलिओच्या थेंबासाठी सुटत आहे. विठाबाईंची नात मनाली, जलद गाडी, मध्ये खाऊच्या दुकानाला थांबा नाही.

झुंबरबाई इतक्या हसल्या की त्यांची किटली कलंडली. मग एकेक जण ओरडायला लागलं की आमच्या पोराचं न्हाय का लागलं, आमचं पण पुकारा की शिष्टर! माझ्याकडे नावं होतीच, पण मी त्यांच्याकडूनच वदवून घेतली. ती सांगायची, मी पुकारायची. रांग मोडून सगळे कट्ट्याभोवती गोळा झाले. मधेच कुणी विचारलं की पोराला एकदा पाजलंय तर परत कशाला, तर त्याचं उत्तर मी दिलं. दुसऱ्यानं विचारलं की ताप येतो का, त्याचंही दिलं. मागच्या दोन सभांत जे सांगून कुणी ऐकलं नाही, तेच आता ते स्वतः होऊन विचारत होते.

तेवढ्यात तानाबाई पुढं आल्या. त्यांच्या मुलाबद्दल बोलू का, असं मी आदल्या दिवशी विचारलं होतं. त्या नाही म्हणाल्या होत्या, म्हणून मी तो विषय काढलाच नव्हता. आता त्या आपणहून कट्ट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की माझ्या लेकराच्या वक्ताला असं नाव पुकारत कोण आलं न्हाय. आलं असतं तर मी अनवाणी पळत गेली असती. एवढंच बोलल्या आणि किटली उचलून रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मी पुंगळी खाली घेतली.

आणि मग हंबीरराव. मागे उभे राहून सगळं ऐकत होते. पुढं येऊन भरड्या आवाजात म्हणाले की आमची स्वप्नाली काय तीन वर्सांच्या वर हाय व्हय? तिचं नाव का न्हाय? मी म्हटलं, मालकांनी जागा राखली नाही म्हणून. मला वाटलं, आता बदलीचा अर्ज लिहायला घ्यावा. पण ते म्हणाले की पुकारा. मी इतक्या जोरात पुकारलं की डेअरीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

शनिवारी एकही मूल सुटलं नाही! एकाला तर झोपेतून उचलून आणलं, ते डोस घेऊनही झोपलेलंच. सगळ्यात पहिली स्वप्नाली आली, आजोबांच्या खांद्यावर बसून. तिनं थेंब गिळले आणि माझ्या बोटाला कडकडून चावली. सूज आहे, पण मी ते बोट गावभर दाखवत फिरते आहे.

इथल्या आनंदातला वाटा पाकिटात मावत नाही, तरी भरला आहे. मोजून घ्यावा.

दीप्ती


उचगाव
२४ मार्च १९९६

चि. दीप्ती हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि. तुझे डिसेंबरचे पत्र मी स्टँडवर सर्वांना वाचून दाखवले. आता ड्रायव्हर मंडळी मला 'मार्गे आईची कड' म्हणून हाक मारतात. असो.

एक खासगी. आईला कळू देऊ नये. मी काल प्रसेनजीतकडे जाऊन माझे नाव दिले. पाच मिनिटे तर पाच मिनिटे. पोरगा खुर्चीवरून उठून उभा राहिला, म्हणाला, काका, तुमची जागा ठेवलीच होती.

आता अडचण अशी की लिहायला बसलो तर मान्यवरांच्या नावांतच चार मिनिटे जातात. उरलेल्या एका मिनिटात समाजप्रबोधन बसत नाही. तू लहान आहेस, तरी विचारतो. काय करू?

उत्तर स्टँडच्या पत्त्यावर घालावे.

आण्णा


जांभूळवाडी
१ एप्रिल १९९६

ती. आण्णांस,
सविनय जयभीम. वि. वि. आजची तारीख बघून थट्टा समजू नका. तुम्ही मला विचारलंत, याचीच मला इतकी गंमत वाटते आहे की मी स्वयंपाक करताना आमटीऐवजी भातालाच फोडणी दिली.

मान्यवरांना एकदाच, सगळ्यांना मिळून जयभीम घाला. आपली माणसं आहेत, रुसणार नाहीत. प्रबोधन बाकीचे करतील. तुम्ही फक्त एक गोष्ट सांगा, जी तुम्ही डोळ्यांनी पाहिली आणि समोरच्या कुणालाच ठाऊक नाही. आम्हालासुद्धा नाही. बोलताना मागच्या रांगेतल्या एखाद्या पेंगणाऱ्या म्हातारीला सांगतोय असं समजा. ती सरळ होऊन बसली की बाकीचे बसतात. आणि लोकांना आणखी हवंसं वाटत असतानाच खाली उतरा. हे सगळ्यात अवघड आहे, मला अजून जमत नाही. बघा ना, दोन ओळींत मावणारं पत्र कुठवर आलं.

मला रजा नाही, लसीकरणाचा आठवडा आहे. जीव मात्र उचगावच्या मांडवात असेल. आईला मी सांगितलेलं नाही. पण आण्णा, तिला ठाऊक नाही असं काही आपल्या घरात कधी असतं का?

तुमचीच,
दीप्ती


उचगाव
१५ एप्रिल १९९६

चि. दीपीस,
आईचा जयभीम आणि लई लई आशीर्वाद. वि. वि. पत्र घाईत लिहिती, दळण टाकून आलीय. ह्यांनी लिहायला घेतलं तर मान्यवरांपासनं सुरू करतील, म्हणून आधी मीच.

काल आण्णा बोललं. मला ठाऊक न्हाय असं समजून गेले पंधरा दिस न्हाणीघरात पुटपुटत हुतं. मांडव गच्च भरलेला. प्रसेनजीतनं नाव घेतलं तशी मागची पोरं हसली आणि दोघंतिघं चप्पल हुडकाय लागली. शेजारची धोंडुबाई म्हणाली, मीने, आता तास गेला. मी तिला कोपरानं ढोसलं.

आण्णा माईकपाशी गेलं. घसा न्हाय खाकरला. पाणी न्हाय मागितलं. सगळ्यांना एक जयभीम घातला आणि थेट म्हणालं की माझी आई गडहिंग्लजला लेकीकडं निघालती, त्या दिवसाचं सांगतो.

आमच्या लग्नाच्या आधीची गोष्ट. स्टँडवर कर्णा नवा नवा बसवल्याला, आणि आण्णांची माईकवरची पहिलीच पाळी. सासूबाई बोचकं घिऊन फलाटावर बसलेल्या. लेक कुठं काम करतोय त्यांना नीट ठावं नव्हतं. वरनं आवाज आला, गडहिंग्लजला जाणाऱ्या प्रवाशांनी. त्यांनी वर बघितलं, कर्णाच दिसना. शेजारच्या बाईला म्हणाल्या, ह्यो माझा धोंडू हाय. ती म्हणाली, आजी, ह्यो सरकारचा आवाज हाय. तर म्हणाल्या, सरकारला मीच न्हाऊमाखू घातलंय.

मांडव असा हसला की विचारू नको! चप्पल हुडकणारी पोरं खाली बसली. आण्णा बोलतच हुतं, पर मोठ्यानं न्हाय. त्यांनी सांगितलं की सासूबाई त्या गाडीत बसल्याच न्हाईत. दुसरी लागली, तिच्यातबी न्हाय. प्रत्येक वेळी आवाज आला की येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायच्या, ऐका, माझा धोंडू बोलतोय. ज्या गावात आमच्या सावलीला रस्ता न्हवता, असं आण्णा म्हणालं, त्या गावची गाडीबी माझ्या आईच्या लेकानं पुकारल्याबिगर हलत नव्हती. धोंडुबाई पदरानं डोळं पुसत हुती आणि मला म्हणत हुती, गप बस, ऐकू दे, आणि मी तर काय बोललेच नव्हते.

आणि दीपे, आण्णा तिथंच थांबलं! जयभीम म्हणालं आणि पायऱ्या उतरलं. लोक ओरडाय लागले, बोला, बोला, पुढं काय झालं? प्रसेनजीत घड्याळ खिशात घालून हात जोडून म्हणाला, काका, तुम्हाला वेळेचं बंधन न्हाय. आण्णा म्हणालं, पाच मिन्टं म्हणजे पाच मिन्टं, आणि माझ्याशेजारी येऊन बसलं. मी त्यांचा हात धरला. धरला तर धरला, बघू देत कुणी बघायचं ते.

घरी येताना वाटंत पोरं मागं लागलेली, आजोबा, सांगा की. हे आपलं मिशीत हसत चाललेलं. दीपे, ह्यांच्यासंगं संसार केला, ह्यांची भाषणं ऐकत भाकरी थापल्या, आणि काल पहिल्यांदा मला वाटलं की ह्यांनी बोलायचं थांबू नये. शेवटी दारात मीच विचारलं, अहो, मग गडहिंग्लजला सासूबाई गेल्या कशा?

म्हणालं, गेलीच न्हाय. माझी पाळी संपेपर्यंत बसली आणि मग माझ्याबरोबर चालत घरी आली. वाटभर मला एक शब्द बोलू दिला न्हाय, म्हणाली, आता तू गप, दिसभर लई बोललास, घसा दुखला असंल.

बाकी सगळं खुशाल. तू जेवत जा आणि माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी आई,
मीनाबाई