भाऊजींच्या गाडीवर मी चिकटवलेला तीन

श्टुटगार्ट, ऑक्टोबरचा दुसरा मंगळवार

तीर्थस्वरूप रोस्विथाताईस,

अपराधी ओटमारचा पायरीखालूनच नमस्कार.

तुझा उजवा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की नुसता कागद फ्रिजवर लावून ठेवला आहेस? भाऊजींच्या ब्लडप्रेशरची चौकशी करण्याचा अधिकार मी गमावला आहे, तरीही करतो. मी ठीक आहे. म्हणजे जेवतो, झोपतो, माझा नंबर असतो त्या आठवड्यात इमारतीचा जिना झाडतो. (खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या की कोपरे राहिले. राहिले असतील.) तुम्हाला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा यंत्रातले भाऊजी म्हणाले, 'आम्ही घरात नाही, पण तुमचा फोन आला याचा आनंद आहे.' खरं सांगायचं तर तिसऱ्यांदा मी तेवढं वाक्य ऐकायलाच केला होता. बावीस वर्षं दर रविवारी साडेतीनला मी तुमच्याकडे कॉफीला येत होतो. गेले तीन रविवार त्या वेळेला कुठे जायचं हेच मला कळत नाही. पहिल्या रविवारी मी तुमच्या ओबरहाल्डेन गावच्या वळणापर्यंत येऊन परत गेलो. मला क्षमा हवी आहे ताई, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे पत्र लांबणार आहे आणि मूळ मुद्दा माझ्या हातून निसटण्याची सवय तुला माहीत आहे.

माझं काम काय ते तुम्हा दोघांना मी कधी धड सांगितलं नाही. 'फाल्केनरीड मोटार कारखान्यात साहेब आहे' एवढ्यावर भागत होतं. वास्तविक एकतीस वर्षं मी गाड्यांची बारशी केली. मोठ्या गाड्यांना काही प्रश्न नव्हता, त्या आधीच पाच, सात आणि नऊ होत्या. आकडा जितका मोठा तितका मालक मोठा. पंचाईत झाली ती छोटी गाडी काढायचं ठरलं तेव्हा. छोटी गाडी काढायची, पण 'छोटी' हा शब्द कुणी उच्चारायचा नाही असा लेखी नियम होता. 'आटोपशीर' चालेल, 'चपळ' चालेल, 'शहरी' तर फारच चालेल. नावासाठी चौदा महिने बैठका झाल्या. मी 'एक' सुचवला. चेअरमनसाहेब म्हणाले, 'वेड लागलंय का? शाळेत एक म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी. मग नऊवाल्याने काय समजायचं, तो नापास झाला?' (आपल्या शाळांच्या हिशेबाने श्रेणी एकपासून उतरत जाते आणि सहालाच नापास होतात, तेव्हा आमची सगळ्यात महाग गाडी पन्नास वर्षं नापासाच्याही पलीकडे धावते आहे. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. इतिवृत्तात ते घ्यायचं नाही असं ठरलं.) दोन म्हटलं तर फारच हलकी वाटते, चार म्हटलं तर पाचवाले खवळतात. शेवटी मी 'तीन' म्हणालो. शाळेत तीन म्हणजे 'समाधानकारक'. सगळ्यांनी माना डोलावल्या, सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड आलं, आणि मला एक बाळ झालं. तू हसू नकोस. मला दुसरं झालं नाही.

नाव ठेवून काम संपत नाही, ताई. खरं काम त्यानंतर सुरू होतं. त्याला आम्ही 'अंतर राखणे' म्हणतो. तीन इतकी चांगली हवी की माणसाला आयुष्यभर वाटावं, आपण फाल्केनरीड घेतली. पण इतकी चांगली नको की पाच घेऊ शकणारा माणूस तीनवर समाधान मानून घरी जाईल. म्हणून दर सहा महिन्यांनी आम्ही आठ शहाणी माणसं बसून तीनमधून काय काढायचं ते ठरवायचो. घड्याळ काढलं आणि तिथे झाकण बसवलं. मागच्या सीटमधला हात टेकायचा दांडा काढला. एकदा काही सुचेना, तेव्हा मी म्हटलं, ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोरच्या आरशावरचा दिवा काढा, बायकोने कशाला आरशात बघायचं. माझं कौतुक झालं. रविवारी चर्चला जाताना तू त्या आरशात टोपी नीट करतेस आणि 'इथे अंधारच असतो मेला' म्हणतेस, तो अंधार मी केला आहे. वायर आतपर्यंत येते. दिव्याची जागा सुद्धा आहे. फक्त दिवा नाही.

आणि ही गाडी कुणासाठी? माहितीपुस्तिकेत दाढीवाला एक तरुण आहे, अनवाणी, छतावर समुद्रात खेळायची फळी. आमच्या मते तो तीस वर्षांचा असून त्याने आयुष्याला सुरुवात केली आहे. आज तीन घेईल, उद्या पाच, म्हातारपणी नऊ. प्रत्यक्षात तीन घेणाऱ्यांचं सरासरी वय निघालं त्रेसष्ट. ही माणसं कुठलीही सुरुवात करत नव्हती. एक्केचाळीस वर्षं पाणीपुरवठ्यात फिटर म्हणून काम करून, सगळं उरकून, एकदाच काय ती गाडी घेत होती. भाऊजींनी ती पुस्तिका नऊ वर्षं टेबलक्लॉथच्या खणात ठेवली होती हे मला तूच हसत हसत सांगितलं होतंस. तेव्हाच मला काही कळायला हवं होतं. मी उलट विचारलं होतं की कोणत्या सालची आवृत्ती आहे.

आता त्या चौकटीकडे येतो. ऑर्डरच्या फॉर्मवर शेवटच्या पानावर एक लहानशी चौकट असते: 'मागील आकडा नको.' टिक केली की मागे नावाचा आकडा न लावता गाडी कोरी येते, पैसे लागत नाहीत. ही चौकट सुद्धा माझीच कल्पना. ती मी नऊवाल्यांसाठी काढली. आपल्याकडचे पैसेवाले तुला ठाऊक आहेत. गाडी नऊ घेतील, पण शेजाऱ्याला वाटलं पाहिजे की पाचच असावी बुवा, नाहीतर लोक वर्गणी मागायला येतात. मोठेपणा लपवायची ही सोय खूप गाजली. मात्र दुसऱ्या टोकाने कुणी ती वापरील हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. माझ्या बाळाचं नाव कुणी कशाला लपवेल? बापाला असल्या गोष्टी दिसत नाहीत.

एप्रिलपासून तुमची गाडी मी फक्त समोरून पाहिली होती, कारण भाऊजी ती गॅरेजमध्ये नेहमी उलटी लावत. भाऊजींच्या सत्तराव्या वाढदिवशी गॅरेजमध्ये बिअरची टेबलं मांडली म्हणून ती अंगणात आली, तीही फळझाडांच्या बाजूला तिरपी. मी हात धुवायला जाताना तिच्या मागच्या बाजूला पाहिलं. आकडाच नाही! मला वाटलं, कारखान्याची चूक. माझ्या कारखान्याने, माझ्या घरच्या माणसाला, माझी गाडी बिननावाची दिली. लाज वाटली. वर मनात म्हटलं, गेबहार्ट भाऊजी इतके सज्जन की सहा महिने तक्रार केली नाही. माझ्या गाडीच्या कप्प्यात तीनच्या आकड्याचा पहिला नमुना असतो, खऱ्या धातूचा. नंतर प्लास्टिकचे निघाले. मी मोजपट्टी काढली, कडेपासून अंतर घेतलं, कापडाने पुसलं आणि तो चिकटवला. दोन मिनिटं अंगठ्याने दाबून धरला. इतका आनंद मला निवृत्तीच्या समारंभातही होणार नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर भाऊजींनी तो गुपचूप काढला असता. पण मी ग्लासावर चमचा वाजवला. भाऊजींच्या सगळ्या गायनमंडळाला केकच्या ताटल्यांसह अंगणात आणलं आणि भाषण केलं. तू ते ऐकलंस, तरी मी इथे लिहितो, कारण रोज मला ते ऐकू येतं. मी म्हणालो की मंडळी, मागून पाहिलं तर ही पाच वाटते, हेच आमच्या कारागिरांचं कौशल्य. पण ही पाच नाही, तीन आहे, चौतीस सेंटिमीटर आखूड, इंजिन एक नंबर लहान, आणि तरीही समाधानकारक! मी टाळ्यांची वाट बघत होतो. शेजारचा ऑयगेन ताटली हातात धरून गाडीच्या कडेने पावलं मोजत गेला. 'अरेच्या, ही धाकटी होय? मग गेबहार्ट, म्हणून सहा महिने तिरपी लावतोस काय लेका!' तेव्हा लोक हसले. वाईट भावनेने हसले नाहीत, आपल्याकडे हसतात तसे हसले. पण मी भाऊजींकडे पाहिलं.

त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं की गाडी पाच आहे. लोकांनी समजून घेतलं आणि यांनी दुरुस्त केलं नाही, एवढंच. तेवढ्यावर मंडळाने त्यांना सहलीत पुढे बसवलं, खजिनदार करायचं बोलणं चाललं होतं. एक्केचाळीस वर्षं ज्यांचे नळ दुरुस्त केले त्यांनी सहा महिने त्यांना 'या, बसा' म्हटलं. आणि मी मोजपट्टी घेऊन आलो. भाऊजी ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते जवळ आले, आकड्यावरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाले, 'गाडीचं नाव मला ठाऊक होतं, ओटमार.' मग आत जाऊन त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा बाहेर आले नाहीत. तू म्हणालीस, 'केक घे आणि जा.' मी केक घेतला हे सुद्धा मला आता निर्लज्जपणाचं वाटतं.

परतताना आणखी एक गोष्ट उमगली, ती सगळ्यात जास्त टोचते. माझ्यामार्फत गाडी घेतली असती तर नातेवाइकांची सवलत होती. भाऊजींनी ती सोडली आणि रॉयट्लिंगनच्या दुकानातून पूर्ण किमतीला घेतली. पै-पै मोजणाऱ्या आपल्या भागातल्या माणसाने सवलत सोडायची! मला वाटलं होतं, स्वाभिमान. आता कळतं, माझ्यामार्फत घेतली असती तर फॉर्म मी पाहिला असता. त्या एका खुणेसाठी त्यांनी इतके पैसे मोजले, आणि ती मी नमुन्याच्या आकड्याने झाकली. ऑयगेनची बायको बाजारात भेटली, ती सांगत होती की गाडीवर चादर घातली आहे आणि भाऊजी गाण्याच्या तालमीला जात नाहीत. ताई, मला फार वाईट वाटतं. मी चांगलं करायला गेलो असं म्हणणार नाही. मी मिरवायला गेलो होतो.

भाऊजींना माझा नमस्कार सांग, किंवा सांगू नकोस. तुला योग्य वाटेल तसं. गुडघा जप.

तुझा भाऊ,
ओटमार

ता. क. आकडा सुरीने काढू देऊ नकोस, रंग जाईल. केस वाळवायच्या यंत्राने चार मिनिटं गरम करा, मग दात साफ करायचा दोरा मागून करवतीसारखा ओढा. सुटून येतो. दोऱ्याची नवी डबी सोबत पाठवतो आहे. आरशावरचा दिवाही पाठवतो आहे. ऑयगेनसुद्धा बसवू शकेल, पण त्याला सांगू नका.

ता. क. २. एक लिहायचं राहिलं. या महिनाअखेरीस मी निवृत्त होतो आणि कंपनीची नऊ त्याच संध्याकाळी परत द्यावी लागते. ती माझी कधीच नव्हती. माझ्या पेन्शनीत बसते ती तीन. ऑगस्टमध्ये ऑर्डर केली, म्हणजे त्या वाढदिवसाच्या आधी. काल फॉर्मची प्रत पुन्हा पाहिली. शेवटच्या पानावर, त्या चौकटीत, माझ्या हातची टिक आहे. कधी केली ते आठवत नाही. म्हणजे आठवतं. भाऊजींना हे सांग. पत्रातलं बाकी काही सांगितलं नाहीस तरी चालेल.

ता. क. ३. हे पत्र खरं तर यासाठी. नोव्हेंबरच्या सहा तारखेला, गुरुवारी, सकाळी दहा वाजता कारखान्यात गाडी ताब्यात मिळते. किल्ली देतात, फोटो काढतात, मग वरच्या मजल्यावर दोघांना जेवण देतात. मांसाचं सारण भरलेले माउलटाशेन बरे असतात. सगळे कुणाला तरी घेऊन येतात. एकतीस वर्षं मी खिडकीतून ती माणसं पाहिली आहेत. सोबत येणाऱ्याचं नाव आधी कळवावं लागतं, म्हणून मी न विचारता लिहून टाकलं: गेबहार्ट. पुढे 'नातं' अशी ओळ होती, तिथे जागा कमी होती, मी 'भाऊ' एवढंच लिहिलं. ताई, त्यांना एकदा विचार. खाडाखोड केलेला फॉर्म ते लोक घेत नाहीत.