आगीची रेघ

४ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी नीट लिहायची असे ठरवले आहे. काम नवे, जागा नवी, वहीसुद्धा नवी. धायरी गावाच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला रो-हाऊसची एक रांग आहे. त्यातले शेवटचे घर मंदाकिनी मॅडमचे. रिक्षावाल्याने रस्ता चुकवला आणि वर माझ्यावरच डाफरला, तरी मला राग आला नाही. मनात फार आनंद होता.

घर अरुंद आणि लांब आहे. फाटकाजवळ पत्र्याची शेड, तिच्यात दगड कापायचे यंत्र. तिला लागून दगड घासायची खोली, मग हॉल, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यात आत मॅडमची खोली. मला घासायच्या खोलीत खाट मिळाली आहे. खिडकीतून जांभळाचे झाड दिसते.

मॅडम भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. दिवाळीआधी पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून पलंगावरच असतात. पलंगाला लागून टेबल आणि त्यावर सूक्ष्मदर्शक. त्यांनी शिक्षण विचारले. अकरावीत सुटले, असे मी सांगितले. म्हणाल्या, बरं झालं, पदवीवाला आला असता तर आधी त्याला शिकलेलं विसरायला लावावं लागलं असतं. मी हसावे की नाही, ते कळेना. मग माझा अर्ज वर धरून म्हणाल्या, पुसदहून आलास आणि एकही वेलांटी चुकवली नाहीस, मग दगडही वाकडा कापणार नाहीस.

सोजरबाई इथे स्वयंपाक करतात आणि मॅडमचे उठणे-बसणे बघतात. गावातच राहतात. मला पाहून म्हणाल्या, आरं, लईच वाळलेला हाय की ह्यो, मॅडमनी पोरगं आणलंय का दोरीवरचा टॉवेल?

६ नोव्हेंबर

काम समजले. दगडाची कपची कापायची, एक बाजू गुळगुळीत करून काचपट्टीवर चिकटवायची आणि दुसरी बाजू घासत घासत इतकी पातळ करायची की दगडातून उजेड आरपार जावा. तो काप मॅडम सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. सरावाचा पहिला काप जमला तेव्हा काळ्या दगडात रंगीत खडे दिसले. मी किती तरी वेळ बघत राहिलो.

दगड दक्षिण अमेरिकेतले आहेत. कसबा पेठेतले शाहिदसर, मॅडमचे जुने विद्यार्थी, स्वतः जाऊन ते घेऊन आले. मॅडमनी नकाशा मांडीवर घेऊन मला समजावले. तिथल्या किनाऱ्यावर समुद्राचा तळ जमिनीखाली शिरतो. तो पाण्याने मुरलेला असतो. खोल गेला की ते पाणी सुटते, त्यामुळे वरचा तापलेला खडक वितळतो आणि वर चढतो. म्हणून किनाऱ्याला समांतर ज्वालामुखींची रांग उभी राहते. त्या रांगेवर मॅडमनी लाल पेन्सिलने रेघ ओढली आणि तिला आगीची रेघ म्हणाल्या.

ही रेघ एका जागी राहत नाही. किनाऱ्याजवळचे दगड सगळ्यात जुने, आणि जसजसे आत जावे तसतसे नवे. म्हणजे कोट्यवधी वर्षांत आग आत आत सरकत गेली. मी कारण विचारले. म्हणाल्या, कारणं बरीच आहेत, पण एक लक्षात ठेव. खाली जाणारा तळ सरळ बुडाला तर आग किनाऱ्याजवळच राहते. तो बुडेना, तर जमिनीखालून आडवा सरपटत जातो आणि पार आत, भलत्याच्याच पायाखाली तापतो. मी घाबरलेला दिसलो असेन. म्हणाल्या, पुण्याची काळजी करू नकोस, आपला कातळ वेगळ्या कुळातला, कधीच थंड झालेला.

मॅडमचे म्हणणे असे, की एका खोऱ्यात मात्र ही रेघ उलटी, समुद्राकडे परत आली. तरुणपणी त्यांनी हे एका परिषदेत मांडले तेव्हा कोणीतरी म्हणाले, बाईंनी नकाशा उलटा धरला असेल. सगळे सभागृह हसले. हे दगड त्याच खोऱ्यातले आहेत.

११ नोव्हेंबर

हातून चूक झाली आहे. 

प्रत्येक दगडाच्या दोन कपच्या निघतात. एक कापासाठी, दुसरी परदेशातल्या प्रयोगशाळेत वय काढायला. कुठली कपची कुठल्या जागेची, ते कळावे म्हणून तिच्यावर हिऱ्याच्या टोकाच्या पेनाने आकडा कोरायचा, असे मॅडमनी बजावले होते. पण कोरलेले आकडे वेडेवाकडे येतात. माझे अक्षर शाळेत सगळ्यांत चांगले होते. मी बारीक मार्करने, वळणदार आकडे काढले. पेटीत लावून ठेवल्यावर फार सुंदर दिसत होते.

आज कपच्यांवर तेलकट डाग दिसले म्हणून सगळ्या एकदम अ‍ॅसिटोनमध्ये बुडवल्या. बाहेर काढल्या तेव्हा सगळ्या कोऱ्या होत्या.

मूळ दगड मुठीएवढे. उरलेसुरले चुऱ्यात गेले. आता कुठला कुठला, हे कोणालाच सांगता येणार नाही.

मॅडम जाग्या होत्या, आतून रेडिओ ऐकू येत होता. हॉल आणि स्वयंपाकघर ओलांडले की झाले. मी दारापर्यंत गेलो. मग परत आलो आणि रंग बघून, अंदाजाने, सगळ्या कपच्यांना आकडे दिले. या वेळी हिऱ्याच्या पेनाने कोरले. आता ते पुसले जाणार नाहीत.

३ डिसेंबर

कपच्या परदेशी गेल्या. काप मॅडमकडे दिले. पहिला काप त्यांनी बराच वेळ पाहिला, काच फिरवली, पुन्हा पाहिला. मी दारातच थांबलो. पण त्या एवढेच म्हणाल्या, छान घासलायस, शंभू.

थंडी चांगलीच पडली आहे. एक गंमत म्हणजे शेडमधली फरशी कोमट लागते. यंत्रापुढचीच, जिथे उभा राहून मी त्या दिवशी आकडे कोरले. समोरच्या घरातली मांजर तिथे येऊन झोपते. सोजरबाई दुपारी टाचा शेकत बसतात. विरजणही तिथेच ठेवतात. म्हणाल्या, देवानं गरिबाला हिटर दिलाय, कुणाला सांगू नगं, बिल येईल.

२२ डिसेंबर

शेड पुन्हा गार झाली. मांजर येत नाही. आता माझ्या खाटेखालची फरशी तापते.

मी स्वतःच इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने मेन स्विच बंद केला, वायर तपासल्या, शेजारच्या घरात जाऊन फरशीला हात लावून आला. तिकडे गारठा. इकडे स्विच बंद असूनही ऊब. जाताना म्हणाला, साहेब, थंडीत लोक याच्यासाठी पैसे मोजतात, तुम्ही तक्रार करताय.

खाट भिंतीकडे सरकवली. ऊब हॉलच्या दाराकडे लांबट पसरली आहे. फाटकाकडे नाही.

२४ जानेवारी

शाहिदसर मोटारसायकलवरून भरधाव आले. हेल्मेट काढायचे विसरून थेट आत गेले. दगडांची वये आली होती. किनाऱ्याचे आकडे असलेले दगड नवे, आतले जुने. आगीची रेघ उलटी आली होती. मॅडमचेच खरे ठरले होते.

मॅडम रडल्या. मी त्यांना रडताना प्रथमच पाहिले. शाहिदसर म्हणाले, तेव्हा हसलेल्यांपैकी दोघे अजून आहेत मॅडम, पहिल्या रांगेत बसवतो. आठ फेब्रुवारीला, रविवारी सकाळी, इथल्याच एका सभागृहात व्याख्यान ठेवायचे ठरले. मॅडमना जाता येणार नाही, म्हणून शाहिदसर वाचून दाखवतील.

मग मॅडमनी मला जवळ बोलावले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, हे याच्या हातांनी झालं. मला जमिनीत शिरावेसे वाटले. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तोंड धूत राहिलो.

हॉलमधून येताना पाय चटकन उचलावे लागले.

३ फेब्रुवारी

हॉल गार झाला. स्वयंपाकघर.

सोजरबाईंनी दुधाचे पातेले खाली ठेवले होते. गॅस बंद होता. दूध उतू गेले. त्यांच्या घोट्याला फोड आला. त्यांनी पिशवी उचलली. म्हणाल्या, फरशी बदला, मग निरोप धाडा. तवर मॅडमनी जमिनीवरच भाकऱ्या भाजाव्या, तव्याची गरज न्हाई. हसत म्हणाल्या, पण फाटकापर्यंत एकदाही मागे वळल्या नाहीत.

आता मॅडमचे सगळे मीच करतो. स्वयंपाकघरात चप्पल घालून जातो. चपलेला वास येतो.

५ फेब्रुवारी

आज सांगायचेच, असे ठरवून चहा घेऊन गेलो. मॅडमनी व्याख्यानाचे कागद पुढे केले. माझं मराठी इंग्रजी शब्दांनी नासलंय, तू जरा तपास, म्हणाल्या. मी तपासले. काही ऱ्हस्वदीर्घ सुधारले. प्रत्येक पानावर माझेच खोटे आकडे होते. शेवटच्या पानावर आभारात माझे नाव.

अक्षर सुरेख आहे तुझं, म्हणाल्या.

मी कप उचलून बाहेर आलो.

६ फेब्रुवारी

मॅडमनी विचारले, आता कुठे तापतंय?

मला वाटले होते त्यांना माहीत नाही. मी सांगितले. आधी शेड, मग माझी खोली, मग हॉल, आता स्वयंपाकघर.

त्यांनी बोटाने पांघरुणावर एक रेघ ओढली. मग म्हणाल्या, म्हणजे आतच येतंय. पुस्तकात आहे तसंच.

आणि भिंतीकडे तोंड फिरवले.

म्हटले, मॅडम, तुम्हाला दुसरीकडे हलवू या का? म्हणाल्या, रविवार होऊ दे.

७ फेब्रुवारी

गंधकाचा वास. स्वयंपाकघराच्या फरशीला भेग गेली आहे. एका टोकाला मॅडमच्या खोलीचा उंबरा.

कान लावला तर खाली काहीतरी सरपटल्यासारखे —

उद्या व्याख्यानाआधी सांगणार. नक्की.

८ फेब्रुवारी, रविवार

मॅडमच्या पलंगावर बसून लिहितो आहे. पाय वर घेतले आहेत. लिहिले नाही तर ओरडेन.

सकाळी सांगितले. उंबऱ्यावर उभा राहून, एका दमात. मार्कर, अ‍ॅसिटोन, कोऱ्या कपच्या, अंदाजाने कोरलेले आकडे. सगळे.

मॅडम म्हणाल्या, माहीत आहे.

त्या किनाऱ्याचे दगड, नवे असोत की जुने, काचेखाली हिरवट, कुजलेले दिसतात, म्हणाल्या. तू किनाऱ्याचा म्हणून दिलेला पहिलाच काप स्वच्छ होता. तेव्हाच ओळखलं.

मी विचारले, मग बोलला का नाहीत?

त्या म्हणाल्या, तू का नाही बोललास?

 खोलीतली फरशी काळी पडत होती.

मी म्हणालो, मॅडम, तुम्हाला उचलून बाहेर नेतो. म्हणाल्या, आधी फोन. शाहिद व्यासपीठावर जायच्या आत. एकदा तो बोलला की मग आयुष्यभर — त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

फोन लागेना. पुन्हा. पुन्हा. तोवर स्वयंपाकघरातून धग यायला लागली. दार ओलांडायचा प्रयत्न केला. चपलेचा तळ फरशीला चिकटून राहिला. खिडकीला गज आहेत. हाका मारल्या. मागे नुसता डोंगर.

फोन लागला. शाहिदसर कुजबुजले, शंभू, आत्ताच नाव पुकारलं. मग एकदम मोठ्याने म्हणाले, थांब, मॅडम आहेत ना? माईकपाशी धरतो, सगळ्यांना ऐकू दे.

टाळ्या. केवढ्या टाळ्या. मॅडमसाठी. थांबेचनात.

मग शांतता. सगळे ऐकत होते.

मी तोंड उघडले. म्हणालो, काही नाही, सर. आवाज नीट येतो का, एवढंच विचारायचं होतं.

फोन मॅडमकडे दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. ओठ हलले. डोळ्यांतून पाणी वाहत होते. म्हणाल्या, शाहिद, नकाशा शेवटच्या रांगेपर्यंत दिसतोय ना?

दिसतोय, असे सभागृहच म्हणाले. कोणी हसले नाही.

फोन बंद झाला.

आम्ही एकमेकांकडे बघत नाही.

पलंगाचा एक पाय खाली गेला — टेबल कलले — सूक्ष्मदर्शक —

मॅडमनी माझे मनगट धरले आहे. पुन्हा लाव, म्हणतात. आधी तू, लगेच मी. या वेळी नक्की.

लावला आहे. रिंग जाते आहे. ते उचलतील तेव्हा काय बोलायचे, ते आधी इथे नीट लिहून घेतो, म्हणजे चुकणार नाही —

सर, त्या दगडांवरचे आकडे मी