बापट काकांचा आयडी

५ जाने., सोम.
सकाळी नेहमीप्रमाणे कम्प्युटरवरच्या लॉगिनच्या नोंदी तपासताना बापट काकांचं नाव दिसलं. रिटायर होऊन दीड वर्ष झालं! पण आमच्या कंपनीची रीत अशी की निरोपाला शाल, श्रीफळ, आणि वर जी.एम. साहेबांचं भाषण, "आयडी आपकी ही रहेगी." बंद करा म्हणून मी तेव्हाच बोलले होते. कोण ऐकतं.
काका फोनवर मेल बघतात, तेही आधी चष्मा शोधून. आणि त्यांच्या नावानं आमच्याकडे कुणीच वापरत नाही असा एक प्रोग्राम सगळ्या स्टाफची यादी वाचून गेला. कुणाला काय अधिकार, तेही. दोन मिनिटांत.
आयडी बंद केला. कुणाला विचारलं नाही.

६ जाने.
जी.एम. साहेब तापले. "बुज़ुर्ग का अपमान किया है आपने!"
नोंदी दाखवल्या. "अरे, कुछ देख रहे होंगे."
शुक्रवारपर्यंत आयडी चालू करायचा, काकांची माफी मागायची, नाहीतर माझा परमनंटचा कागद अडकला. अडकू दे. मी काय चोरी केलीय?

७ जाने.
महाराजपूरला काकांच्या घरी गेले. माफी मागायला नाही, विचारायला. मला इथे नोकरीला त्यांनीच चिकटवलं, तेव्हा एवढं तरी करायलाच हवं.
"काहून बंद केला वं? भेडाघाटचे फोटो पाठवून राहिलो होतो सगळ्यांना."
काकू आतून, "ते मेल नव्हतं का आलं? आयडी बंद पडते, पासवर्ड टाका म्हणून? टाकला ना यांनी!"
काकांनी पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली. "साहेबाले नको सांगू. लाज वाटते."
नाही सांगणार म्हटलं. पण चालूही नाही करणार.

९ जाने., शुक्र.
लेखी नकार दिला, सहीसकट. काकांनी पासवर्ड दिला ते लिहिलं नाही. एवढंच लिहिलं, की यादी ज्याच्या हाती लागली तो आता मोठ्या अधिकाराचा माणूस गाठणार. साहेबांनी न वाचताच घडी घालून खिशात ठेवला. "सोमवार को बात करेंगे."
चार वाजता तोच प्रोग्राम परत हजर. या वेळी आयडी खुद्द साहेबांचा. त्यांनाही तसलंच मेल आलं असणार.
बंद केला. परमनंटचा कागद आठवला, खोटं कशाला बोलू. पण केला.
आत्ता केबिनमधून आवाज येतोय, "मेरा मेल क्यों नहीं खुल रहा?"
नोंदींचा कागद छापून घेतलाय. सोमवार कशाला, आजच बोलू. निघाले.