पारव्याचं औषध

वलवण, मंगळवार

हौशाच्या बापास बायकोचा नमस्कार.

माझ्या भावाच्या उजव्या अंगावरून वारं गेलंय, पण काळजी नको. तोंड चालतंय. मला हडळ म्हणतो.

लकव्याला पारव्याचं ताजं रक्त चोळतात, म्हणून मी पारवा आणून त्याच्या बाजेजवळ डालग्याखाली झाकला. विळा घेऊन येते तर डालगं कलंडलेलं, पारवा कौलावर!

"मुडद्या, आता हात कसा सुधारंल?" म्हणून लय शिव्या दिल्या. तो नुसता हसला. मग बघते तर डालग्यावर त्याचा उजवाच हात!

चुलीपाशी जाऊन रडले. धूर लय होता.

बोटं दोनच हलत्यात. उद्या आणखी चार पारवे आणते, सोडू दे मेल्याला.

तुमी येळेवर जेवता का?

हौशाची आई