मागच्या दाराबाहेरचा डेक

प्रिय निलेश,

लिहायला फार उशीर केला, माफ कर. डेकचा तुझा नकाशा तुझ्या ताईच्या, मेघनाच्या मोबाईलवर कधीच आला होता. रोज लिहायला बसलो आणि रोज चिडून उठलो. फोन केला तर तू "बाबा, नंतर बोलू" म्हणून ठेवून देतोस. पत्र तरी मध्येच तोडता येणार नाही.

गुडघ्यांमुळे तुझ्या आईला पायऱ्या उतरता येत नाहीत, म्हणून घोडपदेवच्या आपल्या खोलीमागे, उतारावर तू लाकडी डेक बांधतो आहेस. त्याला मी कधी नको म्हटलं? तिला वारा मिळावा असं मलाही वाटतं. पण बांधायचं ते असं? पुढे खांबांची एकच रांग, त्यांच्यावर एक तुळई, आणि वाशांचं मागचं टोक बोल्ट मारून थेट चाळीच्या भिंतीला! अरे, त्या भिंतीत कॅलेंडरचा खिळा टिकत नाही. दर वर्षी मूठभर गिलावा हातात येतो आणि आई माझ्या नावाने खडे फोडते. त्याच भिंतीच्या भरवशावर तू तिला बसवणार? भिंतीलगत खांबांची दुसरी रांग घे, तिच्यावर वेगळी तुळई टाक, भिंतीला हातच लावू नकोस. आणि खांब नुसते मातीत पुरू नकोस, खाली काँक्रीट भर. पावसाळ्यात तो उतार कसा सरकतो, हे तुला मी सांगायला हवं का?

घरी असताना हेच सांगितलं तेव्हा तू काय म्हणालास? "बाबा, दोन खुर्च्या आणि एक तुळस, एवढंच तर वजन आहे. तुम्ही असलात की खिळासुद्धा धड ठोकता येत नाही. थोडे दिवस ताईकडे जा." दोन खुर्च्या! आणि गणपतीत? खोलीत माणसं मावत नाहीत म्हणून निम्मी चाळ आरतीला दाराबाहेर उभी राहते. यंदा ती सगळी त्या डेकवर चढणार. आरती संपताना झांजा वाजवत सगळे एकदम जागच्या जागी गिरकी घेतात, ते तुझ्या नकाशात कुठे आहे? गौरीच्या रात्री शेजारच्या राधावहिनी फुगडीला उभ्या राहिल्या की आपली फरशी हादरते. त्यांना तू थांबवणार? की बाहेर पाटी लावणार, "एका वेळी दोनच भाविकांनी चढावे"?

इथे अँटॉप हिलला मेघनाच्या सरकारी क्वार्टरमध्ये मला काही कमी नाही. जावई पेपरसुद्धा आधी माझ्या हातात देतात. पण पाहुण्यासारखं किती दिवस बसायचं? मेघना म्हणते, "बाबा, उगाच कशाला घोर लावून घेता? त्याने इंजिनियरला विचारलंय." विचारलं असेल. त्या इंजिनियरने आपल्या चाळीतली आरती पाहिली आहे का? मी सातवीपर्यंत शिकलो, मला वजनाचं गणित येत नाही. मला भीती वाटते, एवढंच कळतं. आणि भीती वाटली की मी ओरडतो, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

काल तुझ्या आईचा फोन आला. म्हणाली, "रविवारी फळ्या बसणार आहेत, तुम्ही या हो. पण आधी निलेशला विचारा, उगाच परत भांडण नको." माझ्या घरात यायला मी तुला विचारू? कालपासून डोकं तापलं आहे. तरी घे, विचारतो. त्यासाठीच हे पत्र. येऊ का? गप्प बसेन असं खोटं वचन देणार नाही, बोलायचं ते बोलेन. पण फळ्या ठोकण्याआधी मला त्या वाशांवर उभं राहू दे. मोडायचे असतील तर माझ्याखाली मोडू देत, तिच्याखाली नकोत. जावई उद्या तुमच्या घरावरूनच पुढे जाणार आहेत, हे पत्र त्यांच्याच हाती देतो आहे. माझ्याशी बोलायचं नसेल तर त्यांच्याजवळ निरोप दे, पण रविवारच्या आत दे रे.

तुझाच,
बाबा