गळलेली ओळ

९ मार्च

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनच करणार होतो, पण फोनवर तुझ्या प्रत्येक 'हं'च्या मागे कळफलक वाजत असतो आणि मामा नक्की किती ऐकला गेला याचा पत्ता लागत नाही. पत्र तरी तू एका वेळी एकच वाचशील.

बातमी अशी की आमच्या प्रकाशनसंस्थेतला मुद्रितशोधन विभाग जूनअखेर बंद होतो आहे. पुस्तकांत यापुढे चुका होणार नाहीत असं नाही, त्या शोधायला पगारी माणसं ठेवणार नाहीत, एवढंच. ज्यांना राहायचं आहे त्यांनी वरच्या मजल्यावर संगणक विभागात जावं. तिथे पुस्तकांचा मजकूर प्रोग्रॅम लिहून तपासतात आणि लावतात. पण त्याआधी मे महिन्यात परीक्षा. तिच्यासाठी कोणती भाषा शिकायची ते आपलं आपण ठरवून विभागप्रमुख बाईंना कळवायचं. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट, काहीही चालेल म्हणाल्या. एकच सांगितली असती तर मी सुखात असतो. निवडीचं स्वातंत्र्य तरुणांना शोभतं. बावन्नाव्या वर्षी माणसाला हुकूम लागतो.

सल्ल्यांचा तुटवडा नाही. शेजारच्या दंतवैद्यांचा जावई म्हणतो जावा, कारण ती 'भक्कम' आहे. दातांच्या घरातला शब्द, मी मान डोलावली. आमच्या विभागातला रबरशिक्का (साहेबांनी तोंड उघडायचा अवकाश, हा 'मंजूर' म्हणून उमटतो) जावास्क्रिप्ट घेतोय, कारण साहेबांच्या मुलीने ती घेतली आहे. केस कापणाऱ्याच्या मते आता कुठलीच शिकू नये, यापुढे यंत्रच सगळं लिहिणार. हे सांगताना त्याचा वस्तरा माझ्या मानेवर होता, म्हणून वाद घातला नाही. तुझी मामी म्हणाली, अडल्यावर विचारायला ज्या भाषेत आपलं माणूस आहे ती घ्या. हे मत फारच सोपं असल्यामुळे तूर्त बाजूला ठेवलं आहे.

थट्टा पुरे. जन्मभर संस्कृत शिकून दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरणाऱ्या माणसाला आता स्वतः चुकून चालणार नाही. ही खुर्ची गेली तर या वयात दुसरी मिळत नाही, हे मला माहीत आहे आणि मामीला माझ्याआधी. हल्ली ती भांडी फार हळू ठेवते. तेव्हा नीट विचार करून सांग, कोणती घेऊ?

ताईला, म्हणजे तुझ्या आईला, एवढ्यात काही बोलू नकोस. ती लगेच काळजी करायला येईल आणि राहील. मिनिटामिनिटाचा हिशेब मागणाऱ्या तुझ्या कचेरीतल्या त्या घड्याळसाहेबांना माझा नमस्कार सांगू नकोस.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा मामा


१५ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले.

पायथन घ्या. वाचायला सरळ आहे आणि मजकुराची कामं तिच्यात चांगली होतात. बाईंना आजच कळवून टाका, कारण उद्यापर्यंत दंतवैद्यांना आणखी एखादा जावई सापडेल. माझ्या कामाची भाषा आमच्या कंपनीने घरच्या घरी बनवलेली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिचा तुम्हाला उपयोग नाही. पायथन मीही जरा उघडून बसले आहे, म्हणजे बरोबरीने शिकता येईल. मामींचं मत बाजूला ठेवलंत ते परत जवळ ओढा. अडलात की लिहा, सध्या दुपारची मला थोडी सवड असते.

एकच विनंती. लहानपणी मला धातू पाठ करायला लावायचात आणि चुकले की पहिल्यापासून, तसं इथे करू नका. रोज चारच ओळी लिहा आणि लगेच चालवून बघा. आईला सांगणार नाही. 'घाबरू नका' असं लिहिणार होते, पण मग मला स्वतःलाच कोणीतरी ते सांगायला हवं होतं असं वाटलं.

मामींना नमस्कार. माया आहे तशीच असू द्या.
तुमची टाचणी


६ एप्रिल

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

बाईंना पायथन कळवली. त्यानंतर काय झालं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. जिन्यात रबरशिक्का भेटला. सहज म्हणाला, पायथन काय, शाळेतली मुलंही करतात, परीक्षेत तिला कमी धरणार अशी कुणकुण आहे. कुणकुण कोणाची, हे मी विचारलं नाही. घरी येताना जावाचं जाडजूड पुस्तक घेऊन आलो. आठवडाभर ते वाचलं. मग ऐकलं की रबरशिक्क्यानेच गुपचूप पायथन धरली आहे. परत आलो. आता मी दोन्ही घरचा पाहुणा, दोन्हीकडे उपाशी.

मात्र त्यानंतर कसर भरून काढली. पायथनचं पुस्तक जवळजवळ मुखोद्गत आहे. सकाळी फिरताना तिचे राखीव शब्द (इफ, एल्स, व्हाइल वगैरे) क्रमाने म्हणतो. काल तंद्रीत जरा मोठ्याने म्हटले, तर समोरून येणाऱ्या एका अनोळखी बाईंनी कुत्र्याला जवळ ओढलं. मामीने बजावलं आहे, परीक्षा होईपर्यंत आपण दोघांनी वेगवेगळ्या रस्त्यांनी फिरायचं.

डझनभर प्रोग्रॅम लिहून झाले आहेत. रेघांच्या कागदावर, स्वच्छ अक्षरात. प्रत्येक तीनदा वाचून लाल शाईने तपासला आहे. दोन सोबत पाठवतो, बघ. संगणकावर अजून चढवले नाहीत. पान निर्दोष झाल्याशिवाय छापायला सोडायचं नाही, हा आमच्या धंद्याचा धर्म. प्रत पक्की झाली की एकदाच चालवीन.

एवढं करून सकाळी दाढी करताना हात मधेच थांबतो. आरशातला माणूस उमेदवारासारखा दिसत नाही.

प्रेम राखून अस.
तुझा मामा


१२ एप्रिल

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

म्हणजे एकदाही नाही? महिना होत आला, आणि एकही ओळ चालवली नाहीत?

तुमचे दोन्ही प्रोग्रॅम मी इथे टाइप करून चालवले. पहिल्यात तीन ठिकाणी ओळीच्या शेवटची दोन टिंबं नाहीत. संस्कृतच्या माणसाने विसर्ग विसरावा म्हणजे कमाल. दुसरा चालतो, पण थांबत नाही. तुमच्या पत्रातल्या उपदेशासारखा चालतच राहतो, शेवटी मलाच बंद करावा लागला. आणि मामा, यातलं काहीही मला वाचून दिसलं नव्हतं. तुम्ही तीनदा वाचलंत, मी दोनदा. चालवल्यावर यंत्राने एका क्षणात दाखवलं. कागदावर ही भाषा कितीही तपासली तरी ती मुकी असते.

पुस्तकातली उदाहरणं सोडून द्या. तुमच्या कामाचं काहीतरी करा. लेखकाची मूळ प्रत आणि टाइप होऊन आलेली प्रत, या दोन दिल्या की कुठली ओळ गळली आहे ते सांगणारा प्रोग्रॅम लिहा. हे तुम्ही इतकी वर्षं डोळ्यांनी करता, मग यंत्राला समजावून सांगणं काय कठीण आहे? लिहा, चालवा, चुकवा, मला पाठवा. मी दुरुस्त करून परत पाठवीन, लाल शाईत, सूड म्हणून.

बसून राहिलेल्या माणसापेक्षा चुकलेला माणूस पुढे असतो. हे वाक्य लिहून मी बराच वेळ तशीच बसले होते. मग पत्र पुढे लिहिलं.

मायेत उणं पडू देऊ नका.
तुमची टाचणी


२ मे

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

चालवला.

मामी ओल्या हातांनी दारात उभी होती, काही पेटलंच तर हाताशी पाणी असावं म्हणून. मी कळ दाबली आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. मी खुर्ची मागे सरकवली, जणू ती चावणार होती. मामी म्हणाली, अहो, वाचा तरी, काय म्हणतंय ते. वाचलं, तर त्याने ओळीचा क्रमांकसुद्धा दिला होता. सव्वीस वर्षं मी लोकांना समासात त्यांच्या चुका दाखवत आलो. भुवई न उचलता चूक दाखवता येते, हे पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर तुझ्या माझ्यात किती कागद गेले आले ते तुला ठाऊक आहे. तुझी लाल शाई माझ्यापेक्षा निर्दय आहे. पण परवा मी एका जुन्या पानातली मधली ओळ मुद्दाम काढून टाकली आणि प्रोग्रॅमने नेमकी ती काढून दाखवली. मामीला बोलावून दाखवलं. तिने पुन्हा दाखवायला सांगितलं. त्या संध्याकाळी भांडी वाजली. परीक्षा चौदा तारखेला आहे.

आता दुसरं. गळलेल्या ओळीची एक खोड असते. मागची आणि पुढची ओळ जुळून गेली की वाचणाऱ्याला सगळं सलगच वाटतं. छापलेली चूक कोणालाही दिसते. जे छापलंच नाही ते दिसायला मूळ प्रत हाताशी लागते. टाचणे, तुझी मूळ प्रत माझ्याकडे आहे.

गेली आठ वर्षं तुझा एकही फोन घड्याळसाहेबांच्या तक्रारीवाचून गेला नाही. मार्चपासून ते कुठेच नाहीत. त्यांच्या हाताखालच्या माणसाला दुपारची सवड असते, हेही मी प्रथमच ऐकलं. आणि गेल्या रविवारी फोनवर मी जावाची अख्खी कथा सांगितली, तू शांतपणे ऐकलीस, मागे कळफलक वाजत नव्हता. तू मला पहिल्यांदाच पुरतं ऐकलंस आणि तिथेच माझ्या काळजात चर्र झालं.

काय गळलं आहे ते विचारत नाही. गळलं आहे, एवढं मला दिसतंय, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

आशीर्वाद नेहमीचेच, या वेळी जरा जास्त.
तुझा मामा


७ मे

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी खूप रडले आणि मग छान झोपले. बऱ्याच दिवसांनी.

फेब्रुवारीत आमची कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी जुनी यंत्रणा बंद केली आणि तिच्याबरोबर तिची भाषाही. त्या भाषेतली मी जाणकार. बाहेर तिचं नावही कोणी ऐकलेलं नाही. घड्याळसाहेबही घरी बसले आहेत. त्यांनी मला फोन करून विचारलं, आता कुठली भाषा शिकावी म्हणून, आणि मला त्यांची दया आली, यावरून ओळखा.

तेव्हापासून मी रोज सकाळी एक नवी भाषा उघडते. पहिला धडा करते. मग वाटतं, हिच्यात आठ वर्षं घातली आणि हीही बंद पडली तर? मग ती मिटते, दुसऱ्या दिवशी दुसरी. चार झाल्या. तुम्हाला पायथन ठामपणे सांगितली ती यासाठीच की स्वतःला काही ठाम सांगता येत नव्हतं. तुम्ही कागदावर लिहून चालवत नव्हता, मी उघडून लिहीत नव्हते. मामाभाची शोभतो.

एका ठिकाणाहून बोलावणं आलंय. त्यांच्यासमोर बसून प्रोग्रॅम लिहायचा, भाषा आपल्या आवडीची. वीस तारखेच्या आत उत्तर द्यायचं आहे. मी दिलेलं नाही. कोणती सांगू ते ठरत नाही. आता तुम्ही सांगा, कोणती घेऊ? आईला मात्र अजून काही कळू देऊ नका.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची टाचणी


१५ मे

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

हे पत्र तुझ्या वीस तारखेआधी पोचावं म्हणून स्वतः पेटीत टाकून येतो आहे.

काल परीक्षा झाली. प्रश्न मजकूर मोजण्याचा होता, तो पुष्कळ लाल होऊन शेवटी चालला. मग बाईंनी ज्याचं त्याचं स्वतः केलेलं काम मागितलं. मी गळलेल्या ओळीचा प्रोग्रॅम दाखवला. त्यांनी त्यांच्याकडचं एक पान घातलं, प्रोग्रॅमने सांगितलं, सगळं ठीक आहे. बाई म्हणाल्या, शेवटची ओळ नाहीये की. खरंच नव्हती. पानाची शेवटची ओळ तो तपासतच नव्हता. मुद्रितशोधकाच्या हातून, रबरशिक्क्याच्या देखत. माझे कान तापले. बाईंनी विचारलं, इथेच दुरुस्त करता का? मी बसलो. एकदा लाल. पुन्हा लाल. मागे कोणीतरी खोकलं, ते रबरशिक्काच असणार. तिसऱ्या वेळी चालला. आणि टाचणे, मी मेलो नाही. हे मला अगदी शेवटपर्यंत अनपेक्षित होतं.

जुलैपासून वर्षअखेरपर्यंत उमेदवारीवर घेतलं आहे. जागा दाराजवळ, वाऱ्याची. पुढचं पुढे. काळजी गेली असं नाही, तिला बसायला खुर्ची मिळाली.

तुझ्या गेलेल्या भाषेबद्दल वाईट वाटलं. बोलणारं कोणी उरलं नाही अशा भाषेवर जीव लावण्याचा मला दांडगा अनुभव आहे. तो वाया जात नाही, फक्त त्यावर पगार मिळत नाही.

कोणती घेऊ हे मला विचारू नकोस. हवं तर आमच्या केस कापणाऱ्याला विचार, त्याचं मत तयार असतं. मी म्हणेन, त्या लोकांना आधी 'येते' म्हणून कळव. भाषा जाता जाता ठरेल. मामी म्हणते, माझं जुनं मत अजून शिल्लक आहे, हवं तर तिला द्या.

आशीर्वाद उत्तरासोबत जोडून पाठवले आहेत, एकटे ठेवून घेऊ नकोस.
तुझा मामा


२६ मे

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

'येते' म्हणून कळवलं. मग भाषा सांगायची वेळ आली तेव्हा चारही समोर मांडल्या. तिघींचा पहिला धडा येत होता. चौथीत मात्र मी पाहिलं, तर दोन कप्पे भरून प्रोग्रॅम होते, मोडलेले, जोडलेले, चाललेले. सगळे तुमचे. तुमच्या चुका काढता काढता मी ती भाषा शिकून बसले होते आणि मलाच पत्ता नव्हता. पायथन सांगितली.

काल जाऊन आले. तिघे समोर बसले होते. पहिल्याच फटक्याला लाल अक्षरं आली आणि मी खुर्ची मागे सरकवली. मग तुमची आठवण झाली आणि पुढे ओढली. चालला शेवटी. पुरेसा चालला का, ते आठवड्याने कळेल. निकाल चांगला लागला की कळवते. नाही लागला तरी कळवते.

घरी आल्यावर आईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, फेब्रुवारीपासूनच काहीतरी बिनसलंय हे तिला ठाऊक होतं, मी सांगायची वाट बघत होती. मग म्हणाली, आता तुझ्या मामाचा विभाग बंद होत असल्याचं तो मला कधी सांगतोय ते बघू.

तिच्याकडे तुमचीही मूळ प्रत आहे, मामा. आजच फोन करा. आणि पाहुण्यांची खोली झाडून ठेवा.

सगळ्यांची माया अशीच चालू राहू दे.
तुमची टाचणी