धाकटीचा प्रवेश अर्ज

सर, तुमच्या इतिहास विभागात आता मी शिकवते. हे तुम्ही जाण्याआधी तुम्हाला कळायला हवं होतं, असं इतकी वर्षं वाटायचं. आज वाटतं, कळलं नाही तेच बरं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना प्रवेशाच्या टेबलापाशी तुमच्या शेजारी नावं लिहायला बसले होते. पट भरला नाही तर एक तुकडी बंद होणार, हे शिपायालाही ठाऊक होतं. समोरच्या मुलाला तुम्ही विचारलंत, "इतिहास आवडतो व्हय रे?" तो म्हणाला, "न्हाय सर. दुसरीकडं नंबर लागला न्हाय." तुम्ही अर्ज परत केलात. "मग आयटीआयला जा. माझी खुर्ची टिकावी म्हणून तू तीन वर्षं बसणार का?" तुकडी गेली, तुम्ही जादा ठरलात आणि निवृत्तीपर्यंत रोज एसटीनं कळंबच्या कॉलेजात शिकवायला जात राहिलात.

आता बारावीचा निकाल लागला की आम्ही प्राध्यापकच गावोगाव जातो, प्रत्येकानं इतके विद्यार्थी आणायचे म्हणून. चार वर्षांपूर्वी मी जवळच्याच गावातल्या एका घरी गेले. मुलगी अंगणात तूर निवडतेय. तिला नर्सिंगला जायचंय. मी तिच्याशी बोलतच नाही, वडिलांशी बोलते. "सोलापूरला ठेवावी लागेल. आमच्याकडे रोज घरी येईल." वडिलांचा चेहरा सैलावतो. ती विचारते, "बीए करून काय व्हतंय, मॅडम?" मी म्हणते, "स्पर्धा परीक्षा आहेत की." आमच्याकडचं त्यातून कुणीच लागलेलं नाही, हे मला माहीत असतं.

परवा माजी विद्यार्थ्यांची माहिती भरायची होती, म्हणून तिला फोन केला. "धाराशिवातच हाय, मॅडम. कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालते. पण तुमचा तास लई आवडायचा." तिनं बोल लावला असता तर सोपं गेलं असतं. मी तक्त्यात 'नोकरी' लिहिलं.

काल तिची धाकटी बहीण टेबलापाशी आली. "लॅब टेक्निशियनचं करावं म्हणते. पण अक्का म्हणली, आधी मॅडमला इचार, त्या बरोबर सांगतील." यंदाही आमची नावं कमी आहेत. मी नुसता अर्ज पुढे सरकवला, पेन दिलं.

लॅब टेक्निशियनचे प्रवेश अजून चार दिवस चालू आहेत. तिचा नंबर अर्जावर आहे, अर्ज माझ्या समोर आहे. तिला फोन लावायचा टाळून मी तुम्हाला लिहीत बसले आहे, सर, कारण तुम्ही उत्तर देणार नाही.